वापरलेला मोबाइल घेताना: जुन्या मालकाचे लॉक आणि खरेदीदाराचे हक्क

रत्नागिरीहून काळबादेवीमार्गे गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यावर आरे आणि वारे हे जोडकिनारे लागतात. या पट्ट्यात घरगुती निवास, खानावळ किंवा नारळपाण्याचा ठेला चालवणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने मोबाइल आता धंद्याचे साधन झाला आहे, कारण खोल्यांची विचारणा त्यावर येते, पाहुण्यांना वाट त्यावरून सांगावी लागते आणि यूपीआयचे पैसेही त्यावरच जमा होतात. त्यामुळे घरात एखादा जादा फोन लागतो आणि तो बहुधा वापरलेला असतो. असे फोन शहरातील दुकानातून येतात, गणपतीला किंवा शिमग्याला गावी आलेल्या चाकरमान्याकडून येतात, अथवा आखाती देशात नोकरी करणाऱ्या नातेवाइकाकडून येतात. आणि तिन्ही वाटांनी आलेल्या फोनबाबत वाचक एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, तो असा की फोन ‘फॉरमॅट मारून’ दिलेला असतानाही सुरू करताना तो आधीच्या मालकाचे खाते आणि पासवर्ड का मागतो, आणि आता काय करावे.

या प्रश्नाचे पूर्ण समाधान देणारे उत्तर खरेदीपूर्वीच मिळू शकते. पैसे देण्याआधी आणि विक्रेता समोर असताना जे काम पाच मिनिटांत होते, ते नंतर कित्येकदा होतच नाही. म्हणून या लेखात खरेदीच्या वेळच्या तपासणीला अधिक जागा दिली आहे.

फॉरमॅट मारूनही लॉक का राहते

चोरलेला फोन पुसून पुन्हा विकता येऊ नये, यासाठीच हे लॉक बनवलेले आहे. तेव्हा पुसल्यानंतरही ते टिकते हा त्याचा दोष नसून तोच त्याचा उद्देश आहे. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आणले. त्यात फोनची नोंद ॲपलच्या सर्व्हरवर मालकाच्या खात्याशी जोडलेली असते आणि पुसलेला फोन नव्याने सुरू होताना त्या सर्व्हरला विचारूनच पुढे जातो. गुगलने २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ पासून ‘फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन’ दिले, ज्याला बाजारात एफआरपी किंवा नुसतेच ‘गुगल लॉक’ म्हणतात. त्याची नोंद फोनमधीलच एका राखीव भागात राहते आणि रिसेट केल्यावर तो भाग पुसला जात नाही.

अँड्रॉइडच्या बाबतीत घोटाळा बहुधा रिसेटच्या पद्धतीतून होतो. मालकाने सेटिंग्जमध्ये जाऊन, आपला पिन किंवा पॅटर्न टाकून फोन पुसला, तर मालकानेच तो मोकळा केला असे फोन मानतो. परंतु फोन बंद करून बाजूची बटणे दाबून, म्हणजे रिकव्हरी मोडमधून तो पुसला, तर चोरानेही तेच केले असते असे धरून फोन खात्यावर अडून बसतो. विक्रेत्याने दुसरी पद्धत वापरली असेल तर तो पूर्ण प्रामाणिक असूनही घेणाऱ्याच्या हाती अडकलेला फोन पडतो.

कोणते लॉक आहे ते आधी ओळखावे

- गुगल लॉक: फोन आधीचा पिन किंवा पूर्वी जोडलेले गुगल खाते मागतो. ते मूळ मालकच काढू शकतो.
- ॲक्टिव्हेशन लॉक: आयफोनवर हा फोन मालकाशी बांधलेला असल्याची सूचना येते आणि ॲपल खात्याचा पासवर्ड मागितला जातो.
- कंपनीच्या स्वतंत्र खात्याचे लॉक: सॅमसंग, शाओमी यांसारख्या कंपन्यांची खाती गुगलहून वेगळी असतात, त्यामुळे गुगल खाते काढूनही हे लॉक उरू शकते.
- हप्त्याचे लॉक: कर्जावर घेतलेल्या काही फोनांत वित्तसंस्थेची नियंत्रण प्रणाली बसवलेली असते आणि हप्ते थकले की ती फोन बंद करू शकते.
- कार्यालयीन लॉक: नोकरीच्या ठिकाणी मिळालेला फोन संस्थेच्या नियंत्रणात असतो आणि पुसल्यावर पुन्हा त्या संस्थेचीच परवानगी मागतो.
- सिमलॉक: परदेशातील दूरसंचार कंपनीने करारावर दिलेला फोन दुसऱ्या कंपनीचे सिम स्वीकारत नाही. चोरीशी याचा संबंध नाही, पण परदेशातून आलेल्या फोनात हे तपासणे अगत्याचे आहे. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट या क्रमाने गेल्यास कॅरियर लॉकची ओळ दिसते.

यांपैकी हप्त्याचे लॉक सर्वांत फसवे आहे. खरेदीच्या दिवशी फोन सुरळीत चालतो, कारण तोपर्यंतचे हप्ते भरलेले असतात. पुढे मूळ कर्जदाराने हप्ते थांबवले की फोन घेणाऱ्याच्या हातात बंद पडतो, आणि ही नोंद फोनच्या ओळख क्रमांकाशी जोडलेली असल्याने पुसूनही उपयोग होत नाही. म्हणून फोन हप्त्यावर घेतला होता का, असे स्पष्ट विचारावे आणि उत्तर होकारार्थी असल्यास कर्ज फिटल्याचे वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये उपकरण प्रशासक ॲपची यादी असते. तीत वित्तसंस्थेचे किंवा एखाद्या आस्थापनेचे नाव दिसल्यास तेथेच थांबावे.

पैसे देण्यापूर्वीची तपासणी

ही तपासणी चांगले नेटवर्क किंवा वाय-फाय असलेल्या ठिकाणीच करावी, कारण आयफोनचे लॉक आहे की नाही हे इंटरनेटशिवाय खात्रीने कळत नाही आणि गुगल लॉक असलेला फोनही नेटवर्कच्या पायरीवरच अडतो. डोंगर आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत ज्या ठिकाणी रेंज येते-जाते, तेथे उभ्याउभ्या झालेला व्यवहार अपुराच राहतो. अशा वेळी शहरात किंवा वाय-फाय असलेल्या घरात बसून तो करावा.

1. आयएमईआय जुळवावा. आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनाचा १५ अंकी ओळख क्रमांक. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. डायल पॅडवर *#०६# दाबल्यावर दिसणारे क्रमांक खोक्यावरील आणि बिलावरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. ते जुळत नसतील तर खोका दुसऱ्या फोनाचा आहे, आतील मुख्य बोर्ड बदललेला आहे किंवा क्रमांकाशी छेडछाड झालेली आहे. तिन्ही परिस्थितींत फोन न घेणेच इष्ट.

2. क्रमांक सरकारी नोंदीत पाहावा. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर किंवा ॲपवर ‘नो युवर मोबाइल’ ही सोय आहे. साधा मेसेजही चालतो: के, वाय, एम ही रोमन अक्षरे, मग एक जागा सोडून १५ अंक, असा मेसेज १४४२२ या क्रमांकावर पाठवावा. क्रमांक काळ्या यादीतील, दुबार किंवा आधीच वापरात असलेला दाखवला गेल्यास तो फोन घेऊ नये, असे विभागच सांगतो. मात्र या नोंदीत गुगल लॉक, ॲपलचे लॉक किंवा थकलेले हप्ते दिसत नाहीत, त्यामुळे हे उत्तर अनुकूल आले म्हणून पुढील पायऱ्या गाळू नयेत.

3. विक्रेत्याकडून खाती काढून घ्यावीत. अँड्रॉइडमध्ये विक्रेत्याने सेटिंग्जमधील खात्यांच्या यादीतून गुगलचे आणि कंपनीचे खाते काढावे, स्क्रीन लॉक बंद करावे आणि मग सेटिंग्जमधूनच फोन पुसावा. आयफोनमध्ये त्याने आपल्या नावावर जाऊन साइन आउट करावे, त्या वेळी मागितला जाणारा पासवर्ड स्वतः टाकावा आणि त्यानंतर सर्व मजकूर पुसावा. ही कामे विक्रेत्याच्याच हातून आणि आपल्या समोर व्हावीत.

4. फोन नव्याने सुरू करून पाहावा. पुसलेला फोन वाय-फायला जोडून आपले स्वतःचे खाते त्यात घालावे आणि मुख्य पडद्यापर्यंत जावे. वाटेत जुने खाते किंवा जुना पिन मागितला गेला नाही, तरच लॉक निघाले असे समजावे. स्वागताचा पडदा दिसला एवढ्यावर समाधान मानण्याची चूक फार जण करतात. लॉक त्या पडद्याच्या पुढे असते.

5. आपले सिम घालून फोन लावून पाहावा, दोन खाचा असतील तर दोन्हींतून.

आधीच चालू स्थितीत, विक्रेत्याच्या खात्यासह मिळालेला फोन ‘सगळे ॲप आयतेच आहेत’ म्हणून तसाच वापरू नये. ज्याचे खाते त्यात आहे, तो मनुष्य उद्या दुरून तो फोन बंद करू शकतो आणि फोन कुठे आहे हेही पाहू शकतो.

आयफोनमध्ये सुटे भाग बदलले असल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२४ मधील आयओएस १८ पासून ॲपलने हे लॉक भागांनाही लावले आहे, त्यामुळे हरवल्याची नोंद असलेल्या फोनाचा पडदा, बॅटरी किंवा कॅमेरा दुसऱ्या फोनात बसवल्यास त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्या फोनाशी जुळवून घेण्याची प्रक्रिया, रोखली जाते. सेटिंग्जमधील भागांच्या माहितीत मूळ भाग कोणते आणि बदललेले कोणते, हे पाहता येते.

कागद कसा करावा

ओळखीच्या माणसाकडून फोन घेताना कागद मागणे संकोचाचे वाटते, हे गावातील व्यवहारात स्वाभाविक आहे. पण हा कागद विक्रेत्याचेही रक्षण करतो, कारण तो फोन पुढे कुठे गेला याची जबाबदारी त्याच्यावर राहत नाही. मूळ पक्के बिल मागावे, आणि ते नसल्यास साध्या कागदावर विक्रीपत्र करून घ्यावे. त्यात दोघांची नावे व पत्ते, फोनाचे मॉडेल, दोन्ही आयएमईआय, किंमत आणि तारीख असावी, तसेच फोन विक्रेत्याच्या मालकीचा आहे, त्यावर कर्ज नाही आणि सर्व खाती काढली आहेत, असे स्पष्ट विधान असावे. रक्कम यूपीआयने दिल्यास तिची स्वतंत्र नोंद राहते.

या कागदाची गरज एका विशिष्ट प्रसंगी फार भासते. विक्री झाल्यानंतर एखादा विक्रेता फोन हरवल्याची तक्रार देऊन तो बंद करवू शकतो. अशा वेळी आयएमईआय लिहिलेले, सही केलेले विक्रीपत्र हाच घेणाऱ्याचा आधार असतो.

दुकानदाराकडून घेताना पक्के बिल आणि त्यावर आयएमईआय, या दोन गोष्टींवर ठाम राहावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत झालेल्या दुरुस्तीने वापरलेल्या फोनांचा व्यापार करणाऱ्यांवर खरेदी-विक्रीपूर्वी केंद्राच्या यादीत आयएमईआय पडताळण्याची जबाबदारी टाकली आहे, त्यामुळे ही पडताळणी झाली का असे विचारणे हा ग्राहकाचा आगाऊपणा ठरत नाही.

चाकरमानी मुंबईला परतल्यावर फोन अडला तर

कोकणात लॉकची सर्वाधिक प्रकरणे चोरीची नसून अशा घरगुती देवाणघेवाणीची असावीत, असे वाटण्याजोगी परिस्थिती आहे. मुलाने किंवा भावाने आपला जुना फोन आईवडिलांसाठी आणलेला असतो, घाईत बटणे दाबून पुसलेला असतो, आणि तो परतल्यावर फोन खाते मागतो. येथे मूळ मालक घरचाच असल्याने मार्ग सोपा आहे, फक्त तो अँड्रॉइड आणि आयफोन यांत वेगळा आहे.

अँड्रॉइड फोनात पासवर्डऐवजी आधीचा पिन किंवा पॅटर्न टाकण्याचा पर्याय बहुधा दिसतो. तो दिसत असल्यास मालकाला फोन करून जुना पिन विचारावा. यात गुगल खात्याचा पासवर्ड कुणाला सांगावा लागत नाही, म्हणून हीच वाट सर्वांत सुरक्षित आहे. पिन आठवत नसेल तर खात्याचा पासवर्ड लागतो आणि दुहेरी पडताळणी चालू असल्यास मालकाने आपल्या सध्याच्या फोनवर मंजुरी द्यावी लागते. पासवर्ड विसरल्यामुळे तो नव्याने ठेवला असेल तर घाई करू नये; अलीकडे बदललेला पासवर्ड हे लॉक लगेच स्वीकारत नाही, निदान एक दिवस थांबून प्रयत्न करावा.

आयफोनच्या बाबतीत मालक जगात कुठेही असला, मुंबईत किंवा कुवेतमध्ये, तरी आयक्लाउडच्या संकेतस्थळावर ‘फाइंड डिव्हायसेस’ मध्ये जाऊन तो फोन आपल्या खात्यातून काढून टाकू शकतो. त्यानंतर फोन पुन्हा सुरू केल्यावर लॉक राहत नाही. ही सोय असल्याने आयफोनचा मालक दूर आहे ही सबब टिकत नाही.

आणखी एक प्रकार वारंवार आढळतो. पहिला फोन घेताना दुकानातील मुलानेच गुगल खाते तयार करून दिलेले असते आणि ते कोणत्या नावाने, कोणत्या पासवर्डने, हे घरात कुणालाच ठाऊक नसते. अशा खात्याचे नाव आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा आणि खात्याला आपला चालू मोबाइल क्रमांक जोडावा. फोन अडल्यानंतर गुगलच्या खाते-पुनर्प्राप्तीच्या पानावर तोच क्रमांक उपयोगी पडतो.

मालक सापडत नसेल तर

मूळ बिल हाती असल्यास ॲपलकडे लॉक काढण्याची विनंती करता येते. बिलावर फोनाचा अनुक्रमांक किंवा आयएमईआय असावा लागतो, आणि फोन हरवल्याच्या नोंदीत किंवा एखाद्या आस्थापनेच्या नियंत्रणात असल्यास विनंती मान्य होत नाही. अँड्रॉइडसाठी निर्मात्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात मूळ बिल आणि ओळखपत्र घेऊन जावे; काही प्रकरणांत तेथे मदत मिळते. मालकाचे निधन झाले असेल तर बिलासोबत मृत्यू प्रमाणपत्रही न्यावे.

‘कोणतेही लॉक काढून मिळेल’ असे सांगणाऱ्यांकडे फोन देण्यापूर्वी तीन गोष्टींचा विचार करावा. वरवर काढलेले लॉक पुढील रिसेटला परत येऊ शकते, आणि २०२४ मधील अँड्रॉइड १५ पासून सुरुवातीच्या पायऱ्या चुकवून आत शिरले तरी नवे खाते घालणे, स्क्रीन लॉक ठेवणे किंवा ॲप बसवणे फोन नाकारतो. फोनात कुणी, कोणते सॉफ्टवेअर घातले हे कळत नसल्याने त्या फोनावरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे ठरते. आणि या कामात आयएमईआय बदलला गेला तर तो गंभीर गुन्हा आहे: दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ नुसार ओळख क्रमांकाशी छेडछाड करणाऱ्याला, तसेच असा फोन जाणूनबुजून बाळगणाऱ्यालाही, ३ वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

फोन चोरीचा निघाला तर

केंद्रीय उपकरण ओळख नोंदणी, म्हणजे सीईआयआर, या यंत्रणेची प्रायोगिक सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतून झाली आणि मे २०२३ मध्ये ती देशभर लागू झाली. तीत बंद केलेल्या फोनात कुणी सिम घातले की त्याची माहिती पोलिसांपर्यंत जाते. त्यामुळे अनेक खरेदीदारांना आपला फोन चोरीचा आहे हे पोलिसांच्या फोनवरूनच समजते.

अशा वेळी घाबरून फोन फेकून देऊ नये आणि दुसऱ्याला विकून तर मुळीच मोकळे होऊ नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार मालमत्ता चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, ती अप्रामाणिकपणे घेणे अथवा ठेवणे हा गुन्हा आहे. म्हणजे अजाणता घेतलेला फोन जाणीव झाल्यावर पुढे ढकलला, तर निर्दोष खरेदीदार स्वतःच दोषाकडे जातो. विक्रीपत्र, बिल आणि पैसे दिल्याची नोंद घेऊन पोलीस ठाण्यात जावे, लेखी निवेदन द्यावे आणि फोन जमा केल्यास त्याचा लेखी पुरावा मागून घ्यावा.

फोनावर खरेदीदाराचा हक्क राहत नाही, कारण माल विक्री अधिनियम, १९३० प्रमाणे विक्रेत्याला स्वतःकडे नसलेली मालकी दुसऱ्याला देता येत नाही. परंतु त्याच अधिनियमाचे कलम १४ प्रत्येक विक्रीत ‘विकण्याचा अधिकार विक्रेत्याला आहे’ ही अट गृहीत धरते, म्हणून दिलेली किंमत विक्रेत्याकडून परत मागण्याचा हक्क शाबूत राहतो. विक्रेता व्यापारी असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही. खासगी व्यक्तीने एकवार विकलेल्या फोनाला ग्राहक कायदा लागू होत नाही. तेथे दिवाणी दावा किंवा फसवणुकीची पोलीस तक्रार हे मार्ग उरतात.

किनाऱ्यावर फोन सापडला तर

आरे-वारेला येणाऱ्या पर्यटकांचे फोन वाळूत, वाहनतळावर किंवा खोलीत राहून जातात. असा फोन बंद करू नये आणि पुसूही नये; पुसल्याने तो वापरण्याजोगा होत नाही, उलट मालकाला पडद्यावर संदेश पाठवण्याची सोय तेवढी बंद पडते. फोन वाजल्यास उचलावा, अन्यथा पोलिसांकडे नोंद करून द्यावा. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता सापडलेली वस्तू स्वतःसाठी ठेवणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अप्रामाणिक अपहार ठरू शकते.

स्वतःचा फोन हरवला तर

फोन शोधण्याच्या सेवेतून तो आधी हरवलेला म्हणून लॉक करावा आणि खात्यातून मात्र काढू नये, कारण खात्यातून काढल्यास आयफोनचे लॉकच निघून जाते. मग सिम बंद करून त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे आणि बँकेला कळवावे. फोन चोरीला गेला असल्यास तक्रार आरे-वारेच्या हद्दीतील ठाण्यातच द्यावी लागते असे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी कोणतेही पोलीस ठाणे माहिती नोंदवून घेण्यास बांधील आहे, त्यामुळे परतीच्या वाटेवर असलेला पुण्याचा किंवा कोल्हापूरचा पर्यटक आपल्या गावीही ती देऊ शकतो. तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय हाती आल्यावर सीईआयआरवर फोन बंद करण्याची विनंती करावी. तिला लागणारा ओटीपी नव्या सिमवर येतो आणि नव्या सिमवर मेसेज सुरू होण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून पहिल्या प्रयत्नात ओटीपी न आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा विनंती करावी. फोन परत मिळाल्यावर पोलिसांना कळवून त्याच ठिकाणी बंदी उठवण्याची विनंती करावी लागते. ती केल्याशिवाय कोणत्याही कंपनीचे सिम त्या फोनात चालत नाही.